निम्मे रिकामे पाळणे

मॅडमना 'खूप' हा शब्द चालत नसे. खूप गर्दी होती, खूप दुखतंय, खूप उशीर झाला, असं कोणी त्यांच्यासमोर म्हटलं की त्या चष्म्यावरून बघायच्या आणि विचारायच्या, "खूप म्हणजे किती?" आमच्या सोसायटीतल्या दूधवाल्याने एकदा हात जोडून माफी मागितली, "मॅडमजी, आज बहुत लेट हो गया." तर या म्हणाल्या, "बहुत नहीं. ग्यारह मिनट."

उंची पाच फुटांच्या वर जेमतेम दोन बोटं. सुती साडी, पायात पांढरे पळायचे बूट आणि खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत मोजायची टेप, थर्मामीटर, स्टॉपवॉच, एक छोटा स्प्रिंगचा काटा आणि पुठ्ठ्याची वही. हिवाळ्यात घड्याळ स्वेटरच्या बाहीवरून बांधत, म्हणजे वेळ बघायला बाही वर करावी लागत नाही. गाडी चालवायच्या ताशी चाळीसने, मग तो गल्लीतला रस्ता असो की जयपूर हायवे. लग्न केलं नव्हतं. सोसायटीच्या हळदीकुंकवात एका बाईंनी धीर करून कारण विचारलं होतं. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "एकाने विचारलं होतं मला. माझं तुमच्यावर खूप प्रेम आहे, असं म्हणाला." पुढे काय झालं असेल, ते आम्ही सगळ्यांनी मनातल्या मनात समजून घेतलं.

त्या मला आयुष्यात दोनदा भेटल्या. पहिल्यांदा शाळेत. वडील केंद्र सरकारच्या नोकरीत, त्यामुळे मी वाढले दिल्लीतल्या सरकारी क्वार्टरमध्ये. अकरावीला फिजिक्स शिकवणाऱ्या मॅडम मराठी आहेत, हे मला सहा महिने माहीतच नव्हतं, कारण वर्गात त्या हिंदी आणि इंग्रजीशिवाय बोलत नसत. एकदा प्रयोगशाळेच्या ड्रॉवरमध्ये माझं बोट चेंगरलं आणि मी "आई गं!" म्हणून किंचाळले. मॅडम जवळ आल्या, बोट हातात घेतलं आणि हळूच मराठीत म्हणाल्या, "किती दुखतंय? दहापैकी सांग." मी इतकी चकित झाले की दुखणं विसरले. "सहा," म्हणाले. "मग मोडलेलं नाही," असं म्हणून त्या फळ्याकडे गेल्या.

दरवर्षी त्या अकरावीच्या वर्गाला करमणुकीच्या बागेत घेऊन जात. सहल म्हणून नव्हे, तास म्हणून. आम्ही सगळे पाळण्यात बसून ओरडत असायचो आणि मॅडम साडीचा पदर कमरेला खोचून, हातात स्प्रिंगचा काटा आणि काट्याला लटकवलेला बटाटा, अशा बसलेल्या असायच्या. पाळणा वरून खाली यायला लागला की सगळ्या गोंगाटात त्यांचा आवाज यायचा, "बटाटा देखो! बटाटा कितना?" बटाट्याचं वजन कमी झालेलं असायचं. खाली आल्यावर ते का कमी झालं हे सांगितल्याशिवाय कोणालाही आइसक्रीम मिळत नसे.

त्याच वर्षी वार्षिक परीक्षेत मला फिजिक्समध्ये बत्तीस मार्क पडले. पास व्हायला तेहतीस लागत. मी रडत रडत स्टाफरूममध्ये गेले. एक मार्क वाढवून द्या म्हटलं. त्यांनी माझा पेपर पुन्हा पहिल्यापासून शेवटपर्यंत तपासला, माझ्यासमोर. मग म्हणाल्या, "मी एक मार्क देऊ शकते गं. पण तो माझा असेल, तुझा नसेल." दिला नाही. मात्र सुट्टीभर दर शनिवारी मला घरी बोलावून शिकवलं, फेरपरीक्षेला बसवलं, आणि बारावीला मला एकसष्ट पडले. त्या उन्हाळ्यात मी त्यांचा जितका राग केला, तितका नंतर कोणाचा केला नसेल.

दुसऱ्यांदा भेटल्या त्या पंचवीस वर्षांनी. आम्ही गुरुग्रामच्या या सोसायटीत राहायला आलो त्या दिवशी सामान घेऊन मी लिफ्टपाशी उभी होते. शेजारी एक पांढऱ्या केसांच्या बाई स्टॉपवॉच धरून लिफ्टचे आकडे बघत होत्या. "वर जाताना तिसऱ्या मजल्याला दोन सेकंद जास्त लागतायत," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या, क्षणभर बघितलं आणि म्हणाल्या, "बत्तीस!"

तळमजल्यावरचा फ्लॅट त्यांचा होता. आमचा पहिल्या मजल्यावर, बरोबर त्यांच्या वर. माझ्या मुलीने, रेवाने, त्यांना 'मॅडमआजी' करून टाकलं. दोघींचं लगेच जमलं. दिल्लीत वाढलेल्या मुलीचं मराठी जसं असतं तसं रेवाचं होतं, निम्मे शब्द हिंदी. मॅडम एकेक शब्द दुरुस्त करत आणि रेवा मुद्दाम चुकत असे.

दुसऱ्या लाटेत आमच्या घरात करोना शिरला. आधी नवऱ्याला ताप आला, दोन दिवसांनी मला. मला सौम्य होता. त्याचा ऑक्सिजन घसरायला लागला आणि त्याला हॉस्पिटलमध्ये हलवावं लागलं. तिथे तो एकोणीस दिवस होता. रेवाची टेस्ट निगेटिव्ह आली. म्हणून तिला तिच्या खोलीत ठेवलं, दार बंद करून. अकरा वर्षांची होती. मी मास्क लावून तिच्या दाराबाहेर ताट ठेवायची, दारावर टकटक करायची आणि माझ्या खोलीत पळायची.

त्या दिवसांत सगळ्यांचे फोन यायचे. सगळे म्हणायचे, काळजी करू नका, सगळं ठीक होईल. मॅडमचा फोन सकाळी आठ, दुपारी बारा, चार आणि रात्री आठला यायचा. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "किती?" नवऱ्याने बेडवरून मेसेजमध्ये पाठवलेला ऑक्सिजनचा आकडा मी सांगायची. "अठ्ठ्याऐंशी." पलीकडे वहीचं पान उलटल्याचा आवाज यायचा. "काल या वेळी सत्त्याऐंशी होता." बस, फोन बंद. पहिल्या दिवशी मला चीड आली. चौथ्या दिवसापासून मी त्या फोनची वाट बघायला लागले. सगळं ठीक होईल की नाही हे कोणालाच माहीत नव्हतं. एक आकडा वाढला होता हे मात्र खरं होतं, आणि त्या एका आकड्यावर मी दिवस ढकलायची.

शिवाय रोज संध्याकाळी सहाला मॅडम रेवाच्या खिडकीखाली प्लास्टिकची खुर्ची टाकून बसायच्या. वर बघून मोठ्याने कोडी घालायच्या. मला भिंतीपलीकडून रेवाची उत्तरं ऐकू यायची. नंतर नंतर उत्तरं लहान होत गेली, ते माझ्या लक्षात आलं नाही. माझं सगळं लक्ष हॉस्पिटलकडे होतं.

नवरा घरी आला. बारा किलो उतरलेला, दोन पावलांत दम लागणारा, पण आला. मी रेवाच्या खोलीचं दार सताड उघडलं आणि म्हटलं, "ये, बाबा आले." ती आली नाही.

ती पुढचे तीन महिने नीट बाहेर आलीच नाही. आमची जेवणं झाली की येऊन जेवायची. कोपरापर्यंत हात धुवायची, पुन्हा धुवायची, इतकी की बोटांच्या पेरांवर भेगा पडून रक्त यायला लागलं. बाबा जवळ आला की भिंतीला चिकटून बाजूला सरकायची. तो काही बोलायचा नाही, परत जाऊन सोफ्यावर बसायचा. समुपदेशक बाई स्क्रीनवरून प्रश्न विचारायच्या, ही हो किंवा नाही म्हणायची. लिफ्टपर्यंतसुद्धा जायला तयार नव्हती. मी रागावून पाहिलं, लाडीगोडी लावून पाहिली. शेवटी एक दिवस तिच्यासमोरच रडले, तर ती उठून हात धुवायला गेली.

ऑगस्टमध्ये मॅडम वर आल्या. दारातच उभ्या राहिल्या, दोन मास्क लावून. "हायवेवरची ती पाळण्यांची बाग उघडली आहे," म्हणाल्या. "निम्म्याच लोकांना सोडतायत, मास्क सक्तीचा, प्रत्येक फेरीनंतर सीट पुसतात. मंगळवारी सकाळचा पहिला स्लॉट घेतलाय मी. तीन तिकिटं."

"मॅडम, ती दाराबाहेर पाय टाकत नाही आणि तुम्ही पाळण्यात बसवायला निघालात?"

"दाराबाहेर काय आहे तिच्यासाठी? लिफ्ट आणि पार्किंग. लिफ्ट बघायला कोण बाहेर येतं?"

मला म्हणायचं होतं की तुम्ही येता. पण हसायची ताकद नव्हती.

त्या संध्याकाळी सहाला त्या पुन्हा खिडकीखाली खुर्ची टाकून बसल्या. "रेवा, मला एक असिस्टंट हवी आहे," त्यांनी वर बघत सांगितलं. "पाळण्यात बसून काटा धरता येतो, पण आकडे लिहिता येत नाहीत. येशील का?"

खिडकीतून आवाज आला, "मॅडमआजी, मला डर वाटतो."

"डर नाही, भीती. किती? दहापैकी?"

मी स्वयंपाकघरात गॅस बंद करून ऐकत होते.

"नऊ."

"बरं. नऊवर जाता येतं. दहा झाली की सांगायचं, तिथून परत फिरू. माझा शब्द."

मंगळवारी सकाळी रेवा लिफ्टमधून खाली आली. मास्क, त्यावर फेसशील्ड, हातात रबरी हातमोजे. माझा हात तिने धरला नाही, भिंतीलाही टेकली नाही, मध्येच उभी राहिली. पण आली. मॅडमच्या जुन्या पांढऱ्या गाडीत ती मागे बसली, चारही काचा खाली. गाडीला एसी होता, पण बंद हवेत बसायचं नाही असा मॅडमचा नियम. ऑगस्टचं ऊन, मॅडमच्या बाजूच्या खिडकीतून सरळ त्यांच्या कपाळावर. मानेसरच्या कारखान्यांच्या बसगाड्या भोंगे वाजवत आम्हाला मागे टाकत होत्या. एका ट्रकवाल्याने डोकं बाहेर काढून काहीतरी सुनावलं. मॅडम चाळीसवर ठाम.

बागेच्या दारात गर्दी नव्हती. जमिनीवर पिवळे गोल काढलेले, एका गोलात एक माणूस. पुढे खाकी साडीतल्या, मध्यमवयीन गार्ड बाई तापमान बघायची बंदूक घेऊन उभ्या. आधी माझं बघितलं, ठीक. रेवाचं, ठीक. मग मॅडम पुढे झाल्या. बंदूक पिकपिक वाजली. गार्ड बाईंनी पुन्हा लावली.

"अम्माजी, सौ से ऊपर आ रहा है," त्या दोन पावलं मागे सरकत म्हणाल्या. "अंदर नहीं जा सकते आप."

मागच्या गोलातलं जोडपं चटकन दूर झालं. तासभर आम्ही एका गाडीत बसून आलो होतो. आणि मी वळून बघते तर रेवा मागे मागे जात होती, पार्किंगच्या कठड्याला पाठ लागेपर्यंत. फेसशील्डच्या आत तिचा श्वास दिसत होता.

"दहा," ती म्हणाली. "मॅडमआजी, दहा झाली."

मॅडमनी ताबडतोब पिशवीतून गाडीची किल्ली काढली. "ठीक आहे. ठरल्याप्रमाणे परत." वाद नाही, समजावणं नाही. मला आठवतं, मला त्या क्षणी त्यांचा संताप आला होता आणि सुटल्यासारखंही वाटलं होतं.

मी रेवाकडे जायला लागले तर ती ओरडली, "पास नको येऊस! मॅडमआजीला पण मीच दिला. मी सगळ्यांना देते."

"काय देतेस?" मी विचारलं.

मग ते सगळं बाहेर आलं, त्या कठड्यापाशी, हुंदक्यांमधून, निम्मं हिंदीत. बाबाला ताप यायच्या चार दिवस आधी ती मला न सांगता खालच्या बागेत मैत्रिणीबरोबर खेळली होती. मैत्रिणीने मास्क काढला होता, हिनेही काढला. त्या मैत्रिणीच्या घरी नंतर सगळे पॉझिटिव्ह निघाले. "मला काही नाही झालं. पण मीच घरी आणला. बाबांना मीच दिला. बाबा मरणार होते ना?"

चार महिने. चार महिने हे मूल हे एकटं घेऊन त्या खोलीत बसलं होतं. मी म्हणायला तोंड उघडलं की नाही गं राणी, असं काही नाही, तुझी काहीच चूक नाही. पण मॅडम माझ्या आधी बोलल्या.

"शक्य आहे," त्या म्हणाल्या.

मी त्यांच्याकडे बघतच राहिले.

त्या रेवापासून सहा फुटांवर, सावलीतल्या एका दगडी बाकावर बसल्या. "शक्य आहे, तू आणला असशील. तुझी टेस्ट निगेटिव्ह होती, पण तरी शक्य आहे. तुझी आई रोज मेट्रोने ऑफिसला जात होती, तिने आणला असेल. बाबा भाजीला जायचे, मंडईत गर्दी, त्यांनी स्वतः आणला असेल. लिफ्टचं बटण असेल. कोणाकडून आला हे मोजायचं साधन जगात कोणाकडे नाही. डॉक्टरकडे नाही, माझ्याकडे नाही. मग तुझ्याकडे कुठून आलं?"

रेवाचं रडणं थांबलं.

"माहीत नाही, असं म्हणायचं. ते खरं आहे. मीच दिला, हे खरं नाही. तू मोजलेलं नाहीस." मग म्हणाल्या, "आणि बाबा आज सकाळी किती होते?"

रेवाने नाक ओढलं. "अठ्ठ्याण्णव." बाबाचा आकडा ती रोज बघत होती, हेही मला तेव्हा कळलं.

"हं. आता परत जायचंच आहे, तर जाण्यापूर्वी मला ताप आहे की नाही हे बघू दे. तीन मिनिटं लागतील." त्यांनी पिशवीतून थर्मामीटर काढलं, झटकलं, काखेत धरलं आणि स्टॉपवॉच रेवाच्या दिशेने बाकावर सरकवलं. रेवा हळूहळू पुढे आली. हातमोज्यातल्या बोटाने तिने बटण दाबलं.

तीन मिनिटांनी थर्मामीटर अठ्ठ्याण्णवच्या खाली होतं. मॅडमनी ते रेवाला वाचायला लावलं. "मग बंदूक खोटं बोलली?" तिने विचारलं.

"बंदूक कपाळ बघते. कपाळ तासभर कुठे होतं?"

"धूपमध्ये."

"उन्हात," मॅडम म्हणाल्या.

पुढचा अर्धा तास मी जे बघितलं ते कोणाला सांगितलं तर पटत नाही. मॅडमनी गार्ड बाईंना हाक मारली, ती बंदूक मागून घेतली आणि वस्तूंचं तापमान दाखवणारं दुसरं बटण शोधून काढलं, जे गार्ड बाईंनाही ठाऊक नव्हतं. मग रेवाने मोजायला सुरुवात केली. गाडीचं बॉनेट. उन्हातली भिंत. सावलीतली भिंत. प्रत्येक आकडा वहीत. लिहिताना त्रास व्हायला लागला तसा तिने उजव्या हाताचा मोजा काढून ठेवला. मग बटण पुन्हा पहिल्यासारखं करून तिने लांबूनच विचारलं, "आंटी, आपका देखूँ?" सकाळपासून उन्हात उभ्या असलेल्या गार्ड बाईंचं कपाळ मॅडमपेक्षाही वर निघालं.

"हाय राम," गार्ड बाई कपाळाला हात लावत म्हणाल्या, "अब तो मैं ही अंदर ना जा सकूँ!"

आणि रेवा हसली. मास्क, फेसशील्ड, सगळ्याच्या आतून, खदखदून. मी तोंड फिरवलं आणि उगीच पार्किंगमधल्या गाड्या बघत राहिले.

मॅडमचं कपाळ तोवर निवलं होतं. बंदुकीनेही आता ते मान्य केलं. गार्ड बाईंनी सोडलं, मात्र आधी आपली खुर्ची सावलीत ओढून घेतली. मॅडमनी हातातल्या किल्लीकडे बघून रेवाला विचारलं, "मग? घरी?"

रेवाने वही छातीशी धरली. "आता आठ आहे," ती म्हणाली.

आत सगळं निम्मं होतं. निम्मी माणसं, निम्म्या सीटवर पिवळ्या पट्ट्यांच्या फुल्या, निम्मी दुकानं बंद. भोंग्यावरून सूचना येत होत्या, झूले पर भी मास्क न उतारें, चिल्लाना हो तो मास्क के अंदर चिल्लाएँ. रेवाने इकडेतिकडे बघून रोलर कोस्टर निवडला. तिथल्या पाटीवर छातीत धडधड होणाऱ्यांनी बसू नये असं लिहिलं होतं. आजारपणानंतर मला तोच त्रास होता, त्यामुळे मी बाद. मॅडमच्या वयाबद्दल तिथल्या माणसाने शंका काढली, तर त्यांनी पिशवीतून दोन आठवड्यांपूर्वीचा ईसीजी काढून दाखवला.

"एक ही परिवार के हैं तो साथ बैठ सकते हैं," तो म्हणाला. "नहीं तो बीच में एक लाइन खाली. आप लोग एक परिवार?"

रेवाने मॅडमकडे बघितलं. मी घाईने म्हटलं, "हाँ हाँ, एक ही."

"नहीं," मॅडम म्हणाल्या. "मैं इनकी पड़ोसन हूँ. नीचेवाली."

मला त्यांचा गळा धरावासा वाटला. एवढ्या मुश्किलीने इथपर्यंत आणलेलं मूल, आणि एका शब्दासाठी या बाई तिला एकटीला बसवणार? मला स्टाफरूममधला तो बत्तीस मार्कांचा पेपर आठवला. मी काही बोलणार, एवढ्यात रेवा म्हणाली, "मी एकटी बसते. मॅडमआजी, तुम्ही मागे बसा. बटाटा आणला ना?"

आणला होता.

ती चढली. दांडा खाली आला. तिच्या मागची रांग रिकामी, त्यामागे मॅडम, पदर खोचलेला, हातात काटा, काट्याला बटाटा. गाडी कटकट आवाज करत वर जाऊ लागली आणि मी खाली कठडा धरून उभी राहिले. ती वर टोकाला थांबली आणि सुटली. पाचसात माणसांच्या किंकाळ्या एकदम आल्या. त्यातली एक उंच, लांबलचक किंकाळी कोणाची, हे मला आधी कळलंच नाही. चार महिन्यांत मी माझ्या मुलीचा असा मोकळा आवाज ऐकला नव्हता. दुसऱ्या वळणावर तो ओळखला आणि मी तिथेच पायरीवर बसले.

खाली उतरल्यावर ती धावत आली आणि मला येऊन धडकली. दोन्ही हातांनी कमरेला मिठी. फेसशील्ड माझ्या बरगडीत रुतत होतं, मी हललेसुद्धा नाही. "आई, मी इतकी चिल्लावले ना! अजून एकदा जाऊ?"

मॅडम मागून येत होत्या, पांढऱ्याफटक, कठडा धरत धरत. हातात नुसता काटा.

"बटाटा पडला," त्या म्हणाल्या.

रेवा हसून हसून जमिनीवर बसली. मग एकटीच परत रांगेत जाऊन उभी राहिली, पिवळ्या गोलात.

मॅडम माझ्या शेजारी, मधे एक पायरी सोडून बसल्या. बाटलीतून दोन घोट पाणी प्यायल्या. मी म्हटलं, "मॅडम, एकदा 'हो' म्हणाला असतात तर काय बिघडलं असतं?"

"तिने चार महिने एक खोटी गोष्ट खरी धरून काढले होते," त्या म्हणाल्या. "त्यात आज माझी आणखी एक नको, असं मी तुला सांगू शकते. तेही चुकीचं नाही." मग चष्मा काढून पदराने पुसत बसल्या. "पण खरं सांगू का? त्याने विचारलं, एकच परिवार का, आणि तू हो म्हणालीस. मला असं कोणाच्यात धरून घ्यायची सवय नाही गं. मला एकदम सुचलंच नाही."

मधली पायरी उतरून त्यांच्या शेजारी जाऊन बसले. त्यांनी सहा फुटांची आठवण करून दिली नाही.

घरी आल्यावर रेवा चपला काढून सरळ सोफ्याकडे गेली आणि बाबाच्या शेजारी बसली, अगदी चिकटून, आणि वहीतला एकेक आकडा त्याला समजावून सांगू लागली. त्याला निम्मं कळत नव्हतं. तो वहीकडे बघतच नव्हता. तिच्या केसांवरून हात फिरवावा की नाही असा त्याचा हात मधेच थांबला होता, तो तिनेच ओढून खांद्यावर घेतला.

त्यानंतर सगळं एका दिवसात सुरळीत झालं असं नाही. हाताच्या भेगा बुजायला महिना गेला. शाळा उघडल्यावर पहिले काही दिवस मी फाटकाबाहेर थांबायची. पण ती जात राहिली.

दोन वर्षांपूर्वी मॅडमनी तळमजल्यावरचा फ्लॅट सोडला. त्यांची भाची पानिपतला असते, सासरचा हातमागाचा कारखाना आहे. एकटीने राहायचं वय आता सरलं, असं त्या स्वतःच म्हणाल्या. भाचीचं म्हणणं, पहिल्या आठवड्यातच त्यांनी कारखान्यातल्या प्रत्येक मागावर किती वेळात किती कापड विणलं जातं हे मोजून ठेवलं, आणि कामगार त्यांना चहा दिल्याशिवाय सोडत नाहीत.

यंदा रेवा अकरावीत गेली. विषय निवडायची वेळ आली तेव्हा तिने आमच्याशी चर्चा केली, शाळेत केली, मैत्रिणींशी केली, पण पानिपतला फोन करायचं टाळत राहिली. शेवटी फॉर्म भरून झाल्यावर एका संध्याकाळी तिने फोन लावला, स्पीकरवर, मला शेजारी बसवून.

"मॅडमआजी, रागावू नका. मी फिजिक्स नाही घेतलं. हिस्ट्री घेतलंय."

रेवाने माझ्याकडे बघितलं. मग पलीकडून हसण्याचा आवाज आला. मी मॅडमना पस्तीस वर्षं ओळखते, पण असं हसताना कधी ऐकलं नव्हतं.

"सुटले गं बाई मी!" त्या म्हणाल्या. "मला धास्ती होती, ही मुलगी माझ्यापायी फिजिक्स घेणार आणि माझ्यापायी रडणार. मनापासून घेतलंस ना?"

"मनापासून."

"मग रविवारी ये इकडे. लढाईचं मैदान इथून जवळ आहे. मी दोन वर्षांत एकदाही गेले नाही."

"तुम्हाला ती लढाई माहीत आहे, मॅडमआजी?"

"काही नाही. शाळेत त्या तासाला मी खिडकीबाहेर बघायची. तू सांग, मी ऐकेन."

रेवाने फोन ठेवला आणि रविवारची गाडी किती वाजता आहे ते बघायला बसली.